चिखलीत पाहिलेला घोट

माझी जीभ मी पहिल्यांदा पाहिली ती चिखलीत. आरशात दिसतो तो जिभेचा नुसता शेंडा. मी म्हणते ती अख्खी जीभ, मुळापासून टोकापर्यंत, काळ्या पडद्यावर पांढरी कमान होऊन वळवळणारी. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हे दर्शन घडलं आणि मी एवढी हरखले की हनुवटीखालचं जेल पुसायचं विसरून तशीच कँटीनमध्ये चहाला गेले. चहावाल्या मावशींनी निमूटपणे कागदी रुमाल पुढं केला. त्यांना बहुधा सवय असावी.

मी अमरावतीची. वाचा-उपचारतज्ज्ञ असं माझ्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय, त्यामुळे लोकांना वाटतं की मी फक्त तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते. पण माझे निम्मे रोगी बोलायला नव्हे, गिळायला शिकायला येतात. कुणाला पॅरालिसिसचा झटका आलेला असतो, कुणाचं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंडाचं ऑपरेशन झालेलं असतं. पाण्याचा घोट वाट चुकून श्वासनळीत शिरतो, ठसका लागतो, न्यूमोनिया होतो. वीस वर्षं मी अशा लोकांच्या गळ्यावर चार बोटं ठेवून “गिळा” म्हणते आणि घाटी, म्हणजे कंठमणी, किती वर सरकली याचा बोटांनी अंदाज घेते. झाकल्या भांड्यातली भाजी शिजली की नाही हे आवाजावरून ओळखावं, तसलं हे काम.

म्हणून चाकणच्या बाजूच्या चिखलीतली, आमच्या वऱ्हाडातल्या नव्हे, एक तरुण डॉक्टर सोनोग्राफीवर गिळणं दाखवते असं कळलं, तेव्हा मी पाच दिवसांची रजा टाकली. नवरा म्हणाला, “लोक रजा घेऊन महाबळेश्वरला जातात.” मी म्हटलं, “तिथं स्ट्रॉबेरी गिळतात. कशी गिळतात ते कुणी बघत नाही.”

सोमवार : चऱ्होली आणि चिखली

उतरले होते वंदाकडे. वंदा माझी शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन इकडं आली आणि आता चऱ्होलीत चौदाव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून खाली पाहिलं, तर झेंडूच्या शेतात उकिडव्या बसून फुलं खुडणाऱ्या बाया, आणि त्याच शेताच्या बांधाला खेटून वीस मजली इमारत, अजून गिलावा न झालेली. एक म्हातारा दोन म्हशी घेऊन चालला होता. म्हशी सोसायटीच्या फाटकाशी थांबल्या आणि सिक्युरिटीवाल्याकडे अशा बघत राहिल्या, की तो आता वही पुढं करून त्यांचाही फ्लॅट नंबर विचारतो की काय असं वाटलं. आमच्याकडे गाव संपलं की मग शहर लागतं. इथं दोघं एकमेकांच्या मांडीवर बसलेली.

सकाळी भाजीवाल्याकडे मी सवयीनं म्हटलं, “सांबार द्या एक जुडी.” तो माझ्याकडे बघतच राहिला. “सांबार हाटेलात भेटंल, ताई. पलीकडं इडलीवाला हाय.” वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! वंदा गाडीला टेकून पोट धरून हसत होती. तिला पंधरा वर्षांपूर्वी असंच इडलीवाल्याकडे पाठवलं होतं म्हणे.

चिखलीला रिक्षानं निघाले. रिक्षावाला परभणीचा. मी काय काम करते हे त्यानं आधी विचारलं, मग ऐकलं, मग रिक्षाच बाजूला घेतली.

“गिळायचं शिकवता? ते बी शिकवावं लागतंय व्हय?”

“हो. विसरतात काही लोक.”

त्यानं लगेच एक घोट गिळून पाहिला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याला जमेना. गिळण्याचा विचार करायला लागलं की असंच होतं. “आता काय करू?” तो घाबरून म्हणाला. मी म्हटलं, “विचार सोडा आणि रिक्षा चालवा.” पुढच्या सिग्नलपर्यंत त्याचा घसा ताळ्यावर आला.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं, चार मजली. समोरच्या गल्लीत ओळीनं वर्कशॉप. लेथची घरघर, पत्रा कापल्याचा आवाज, हवेत तापलेल्या लोखंडाचा वास. डॉक्टर रेवती पस्तिशीची, भरभर बोलणारी, आणि ॲप्रनच्या दोन्ही खिशांत बिस्किटांचे पुडे. रोग्यांना गिळायला देण्यासाठी, असं ती म्हणते. दिवसभरात त्यातले निम्मे तिनंच खाल्लेले मी पाहिले.

“ताई, आधी तुमचंच बघू,” तिनं मला खुर्चीवर बसवलं, हनुवटीखाली गार जेल लावलं आणि प्रोब टेकवला. “बोलू नका. हा पाण्याचा घोट तोंडात धरा. धरा... आता गिळा.”

पडद्यावर पांढरी कमान होती. ती माझी जीभ. घोट धरला तेव्हा तिच्या मध्यावर वाटीसारखा खळगा पडला. मग शेंडा टाळूला टेकला आणि शेंड्यापासून मुळापर्यंत एक लाट सरसरत गेली. त्याच क्षणी खालच्या बाजूचा एक काळा पट्टा झटकन पुढं आणि वर उडाला आणि परत जागेवर येऊन बसला.

“तो काळा पट्टा म्हणजे हाडाची सावली,” रेवती म्हणाली. “जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं हाड असतं ना, शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं? ते उचललं की घाटी उचलते, श्वासनळीचं दार लागतं आणि अन्ननळीचं उघडतं.”

मला हे सगळं पाठ होतं. वीस वर्षं मी हे चित्र काढून नातेवाइकांना समजावलंय. पण पाठ असणं वेगळं आणि तो पट्टा आपल्याच गळ्यात उडी मारताना बघणं वेगळं. “पुन्हा,” मी म्हटलं. मग अजून एकदा. मी तांब्याभर पाणी प्याले. शेवटी रेवती म्हणाली, “ताई, आता दुसरी सोनोग्राफी करावी लागेल. मूत्राशयाची.”

तिनं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. अन्न चुकून श्वासनळीत गेलं की नाही, हे सोनोग्राफीत खात्रीनं कळत नाही. त्यासाठी नाकातून कॅमेरा घालून बघावं लागतं. पण जीभ किती जोर लावते, हाड किती उचलतं, व्यायामानं फरक पडतोय का, हे सुई नाही, एक्स-रे नाही, नुसत्या जेलवर दिसतं. “आणि मुख्य म्हणजे रोग्याला त्याचं त्याला दाखवता येतं,” ती म्हणाली.

मंगळवार : चिखली

दुसऱ्या दिवशी धडधाकट लोकांचं गिळणं बघायचं होतं, म्हणजे बिघडलेलं ओळखता येईल. रेवतीनं स्टाफमध्ये निरोप फिरवला: पाच मिनिटं या, एक घोट पाणी, एक चमचा दही, एक केळ्याचा तुकडा. खायला मिळणार म्हटल्यावर बाहेर रांग लागली. बोलताना नर्सबाईंची जीभ इंजेक्शनसारखी टोकदार होते, पण गिळताना ती अगदी मवाळ. लॅबमधल्या मुलीचा पट्टा टुणकन उडे. वॉचमनकाका पाणी प्याले, दही खाल्लं, केळं खाल्लं आणि नाराज होऊन निघून गेले. दहा मिनिटांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला वडापाव घेऊन परत आले.

“पाण्याचं काय बघताय, मॅडम? खरं गिळणं वडापावाचं.”

आणि खरंच, काय जीभ चालली त्या माणसाची! घास इकडून तिकडं टोलवत, दळत, गोळा करत. शेवटी पट्टा असा उसळला की आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी नीट केली आणि उरलेला वडापाव बाहेर जाऊन संपवला.

आम्ही हसत असतानाच दार उघडलं आणि व्हीलचेअरवरून खंडूनाना आत आले.

चाकणजवळच्या एका गावचे शेतकरी, सत्तरीचे. मिशा पांढऱ्या, कानात भिकबाळी, आणि नाकातून निघून गालावर चिकटपट्टीनं बसवलेली नळी. तीन महिन्यांपूर्वी झटका आला होता. हातपाय बरेच सावरले, पण गिळणं गेलं आणि आवाज कुजबुजीवर आला. मागं मुलगा दत्ता, कंपनीच्या शर्टातच, फर्स्ट शिफ्ट अर्धी टाकून आलेला. आणि बायको, हौसामावशी, पदर डोक्यावरून घट्ट ओढून भिंतीकडे बघत उभी. भिंतीवर नियमाप्रमाणे पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

त्यांची ही या महिन्यातली तिसरी खेप होती. मी नवी दिसल्यावर मावशी हळूच माझ्या कानाशी आल्या. “बाई, गावात लई हसत्यात बगा. बायका इच्यारत्यात, नानांना कितवा महिना?”

नानांना ते ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थरथरतं बोट पाटीकडे नेलं आणि मग ओठांवर ठेवलं. मुलगा का मुलगी, सांगायला बंदी आहे! मी एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरची रांग आत डोकावली. तिथंच माझी आणि नानांची दोस्ती झाली.

प्रोब लावल्यावर मात्र हसू थांबलं. नानांनी चमचाभर घट्टसर पाणी तोंडात घेतलं. जिभेची लाट निघाली आणि मध्येच विरली. काळा पट्टा थरथरला, अर्ध्यावर चढला आणि घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. मग ठसका. मावशींनी पाठ थोपटली आणि आपला चेहरा आम्हाला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

दत्तानं मला बाहेर गाठलं. “मॅडम, नानांनी दोनदा नळी उपटून काढली. मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, पोटाला भोक पाडून तिथनं नळी टाकू. नाना नको म्हणत्यात. शुक्रवारी घशाचे डॉक्टर कॅमेरा घालून बघणार. त्यात न्हाई जमलं तर पुढच्या आठवड्यात भोक.” तो थांबला. “आमचे नाना घाटात पुकारायचे, मॅडम. बैलगाड्याच्या शर्यतीच्या घाटात, गाडा सुटला की. पंचक्रोशीत असा आवाज न्हवता.”

रेवती म्हणाली, “पहिल्या खेपेला पट्टा हललाही नव्हता, ताई. आता अर्ध्यावर येतोय. पण उरलेलं अर्धं तीन दिवसांत येईल का, मला माहीत नाही.”

मी दत्ताला विचारलं, “घरी व्यायाम कसे करतात ते बघायला उद्या येऊ का?”

बुधवार : चाकणजवळचं गाव

सोनोग्राफीचं मशीन बरोबर नेता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण ते कायद्यानं त्या खोलीच्या पत्त्यावर नोंदलेलं. खोलीबाहेर काढता येत नाही, आणि प्रोब धरायचा अधिकारही रेवतीचा. म्हणून मी माझी चार बोटं घेऊन दत्ताच्या मोटरसायकलवर बसले.

चाकणच्या चौकातली कंटेनरची रांग मी आयुष्यभर विसरणार नाही. एका कंटेनरवर नव्याकोऱ्या मोटारी, दुसऱ्यावर लोखंडी गुंडाळ्या, आणि दोघांच्या मधोमध कांद्यानं भरलेला ट्रॅक्टर, त्यावर पालथा झोपलेला माणूस. हॉर्नच्या त्या कल्लोळात तो कुशीसुद्धा बदलत नव्हता. दत्तानं कुठल्याशा कंपनीच्या भिंतीमागून मोटरसायकल काढली, आणि दोन वळणांत सगळं गप्प. बाजरीची खळी, चिंचेची सावली, लांबवर डोंगरावरचं देऊळ.

घर पक्कं, दुमजली, पुढं गोठा. गोठ्यात एक पांढरा खोंड. दारातच शेजारच्या दोघी उभ्या: “सोनोग्राफीवाल्या बाई आल्या व्हय?” मी म्हटलं, “हो, पण काही सांगायचं नाही असा नियम आहे.” दोघी पदरात तोंड घालून पळाल्या.

नाना पलंगावर बसून मोठ्या चिकाटीनं व्यायाम करत होते. वीस वेळा, तीस वेळा, मोजून. पण मी गळ्यावर बोटं ठेवली तेव्हा चूक कळली. ते सगळा जोर मानेला आणि खांद्यांना लावत होते, जीभ बिचारी मागंच राहत होती. मी समजावलं: मान सैल, हनुवटी किंचित खाली, जीभ टाळूला दाबायची, आणि घाटी वर गेली की तिला तिथंच दोन-तीन अंक धरून ठेवायची, सोडायची नाही.

“कळलं का, नाना?”

नानांनी मान हलवली, पण कळलेलं नव्हतं. दत्ता म्हणाला, “नाना, शर्यतीची बारी हाय समजा. बैल घाट चढला, पण निशाणापातुर न्हाई गेला तर काय उपेग? घाटी निशाणावर ठिवायची!” नानांचे डोळे लकाकले. तेवढ्यानं कळलं.

तास-दीड तासानं मावशींनी ताट वाढलं. मासवडी! नाव ऐकून मी विचारलं, “कुठला मासा?” सगळं घर हसलं. मासा नाहीच. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण, वर काळा झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. म्हणजे आमच्या पाटोडीची धाकटी बहीण, पण अंगानं भरलेली. ताट पलंगासमोरच मांडलेलं बघून मी अवघडले. तीन महिने ज्याच्या जिभेला चव लागली नाही त्याच्यासमोर कसं खायचं? मी ताट उचलून आत निघाले, तर नानांनी मनगट धरलं आणि कुजबुजले, “हितंच.”

मावशी म्हणाल्या, “बसा हितंच. त्यांना बगायला आवडतं. मीच न्हाई बसत. मी आपली गोठ्यात दोन घास खाती. मला न्हाई जमत.”

मी बसले. पहिला घास घेतला, आणि नानांना मासवडी किती छान झालीय ते सांगायला गेले, तोंडात घास असताना. रस्सा सरळ चुकीच्या वाटेनं. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून रस्सा. वीस वर्षांचा अनुभव असलेली गिळणेतज्ज्ञ रोग्याच्या पलंगापुढं लाल होऊन खोकतेय! दत्ता पाणी आणायला धावला. आणि नाना? नाना शांतपणे स्वतःच्या हनुवटीवर दोन बोटांनी टकटक करत होते. हनुवटी खाली, बाई. हनुवटी खाली.

मी खोकत-हसत हनुवटी खाली घेतली. मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली भाकरी निसटली आणि कुत्र्यानं ती दारातूनच झेलली.

गुरुवार : चिखली

गुरुवारी रेवतीनं पडदा नानांकडे वळवला. पडद्यावर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावला: पट्टा इथपर्यंत यायला हवा. दत्तानं पूर्ण सुट्टीच टाकली होती.

नानांनी आपली जीभ पहिल्यांदाच नीट निरखून पाहिली. इकडं हलवली, तिकडं हलवली, आणि ती आपलीच आहे अशी खात्री पटल्यावर लहान मुलासारखे खुदखुदले. मग कामाला लागले.

पहिले चार घोट वाया गेले. पाचव्याला पट्टा अर्ध्याच्या वर आला. दत्ताला राहवेना. त्यानं आधी हळूच, मग घाटातल्यासारखं जोरात सुरू केलं, “आला... आला... चढला... भिर्रर्र!” नानांनी प्रोबसकट मान झटकली. रेवती ओरडली, “दत्ताभाऊ! चित्र गेलं!” नानांनी दत्ताकडे असं पाहिलं की मला वाटलं आवाजाचा राग आला. पण ते कुजबुजले, “उशिरा वरडतूस. लाट निघाली की वरडायचं.”

पुकारणाऱ्यानं पुकारणाऱ्याला केलेली दुरुस्ती ती! मग दत्तानं पडद्याकडे बघत जिभेची लाट निघाल्याबरोबर आवाज दिला, हळू आवाजात, आणि नानांनी त्या आवाजावर गिळलं. पट्टा चढला आणि निशाणाच्या खाली बोटभर थांबला. धरला. एक, दोन. मग सुटला.

त्या दिवशी पाच-पाच मिनिटं विश्रांती देत आम्ही दुपारपर्यंत हेच केलं. मी नानांच्या शेजारी, रेवती प्रोब धरून, दत्ता पुकारणारा, मावशी स्टुलावर मूठ आवळून. मध्येच माझ्या लक्षात आलं की नानांनी गिळलं की मावशीही गिळतात. मग दिसलं, दत्ताही गिळतोय. रेवतीही. आणि माझा स्वतःचा घसा तर कोरडा ठणठणीत पडला होता. खोलीतली सगळी माणसं एका माणसाबरोबर गिळत होती.

शेवटच्या तीन घोटांत पट्टा निशाणाला लागला. एकदा तर पलीकडं गेला. पण त्यानंतर नानांचा चेहरा एवढा थकला होता की मी तिथंच थांबवलं. थकलेला स्नायू दुसऱ्या दिवशी दगा देऊ शकतो, हे मला माहीत होतं. रेवतीलाही. जिन्यावरून उतरताना आम्ही दोघींनी तिच्या खिशातला बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

शुक्रवार : चिखली

घशाचे डॉक्टर उंच, मितभाषी. नानांच्या दुसऱ्या नाकपुडीतून त्यांनी बारीक कॅमेरा सरकवला. नानांनी पलंगाची कड धरली, पण हूं की चूं केलं नाही. मग हिरवा रंग घातलेलं घट्ट दूध, एक चमचा.

“गिळा.”

दत्तानं पुकारायला तोंड उघडलं, आणि मी त्याचा दंड धरला. इथं नानांना एकट्यानंच घाट चढायचा होता.

नानांनी हनुवटी खाली घेतली. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या गळ्याकडे बघत होते, सवय. घाटी उचलली. वर गेली. थांबली. उतरली.

डॉक्टर पडद्यात वाकले. श्वासनळीचं दार पांढरं, स्वच्छ. हिरवा थेंबही नाही. “अजून एक,” ते म्हणाले. मग पातळ दूध, तेव्हा दाराशी हिरवी रेघ आली. पण नानांनी स्वतःहून खाकरलं, पुन्हा गिळलं, आणि रेघ गेली. मग दह्याचा चमचा. मग दुधात कुस्करलेली भाकरी, मावशींनी डब्यात आणलेली.

डॉक्टरांनी कॅमेरा काढला, हात पुसले आणि म्हणाले, “पातळ काही नको. पाणी घट्ट करूनच. घट्ट अन्न, बसून, थोडं थोडं, कुणीतरी शेजारी. दोन आठवड्यांनी परत बघू.” मग त्यांना आठवल्यासारखं, “आणि ही नळी काढून टाका. कशाला ठेवलीय?”

नळी निघाली तेव्हा दत्ता खोलीबाहेर जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभा होता. वॉचमनकाका त्याच्या खांद्यावर हात ठेवून, “अरे राव, चांगलं झालं ना? मग?” असं पुन्हा पुन्हा विचारत होते.

आत नानांनी नाक चोळलं, गाल चोळला आणि मावशींनी भरवलेली दूध-भाकरी खाल्ली, आठ चमचे, प्रत्येक चमच्याला हनुवटी खाली. नवव्याला मी थांबवलं. नानांनी माझ्याकडे चिडून पाहिलं. चिडलेला रोगी हे मला नेहमीच शुभ लक्षण वाटतं.

मी बॅग आवरत होते. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. रेवती मशीन बंद करणार, एवढ्यात हौसामावशी तिच्याजवळ गेल्या. आवाज खाली आणि मान त्याहून खाली.

“डाक्टरीणबाई, माजं बी बगता का वाईच? चार पोरं झाली, समदी घरीच. मशीन कंदी लागलंच न्हाई मला.”

रेवतीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. मावशी पदर सावरून, फोटोला बसावं तशा बसल्या. गार जेल लागलं तशा दचकल्या. “आता अजिबात बोलायचं नाही हं, मावशी,” रेवती म्हणाली. “बोललात की चित्र बिघडतं.” मावशींनी ओठ घट्ट मिटले.

पडद्यावर त्यांची जीभ उमटली. अर्धचंद्रासारखी, भरदार, तब्येतीत असलेली जीभ. नाना व्हीलचेअरवरून पुढं वाकले. चष्मा वर केला. बराच वेळ निरखून पाहिलं. पन्नास वर्षांचा संसार होता तो. आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदा कुजबुज नव्हे, खरखरीत का होईना पण छातीतून आलेला, खोलीच्या टोकापर्यंत पोहोचणारा आवाज काढून नाना म्हणाले:

“हीच का ती!”

दत्ता दारातच खाली बसला. रेवतीच्या हातातला प्रोब हसण्यानं थरथरू लागला. मावशींना मात्र बोलायची बंदी. त्यांनी ओठ मिटलेलेच ठेवले, डोळे मोठे केले, नाक फेंदारलं. आणि पडद्यावर ती जीभ अशी काही उसळली, टाळूवर आपटली, मागं गेली, पुन्हा पुढं आली, की आम्हाला सगळ्यांना स्पष्ट दिसलं, बाहेर पडल्यावर नानांना काय काय ऐकायला मिळणार आहे.